आठ जोड्या आणि मी

५ जानेवारी
आजही राखीव. युनिव्हर्सिटीच्या बॉलरूम टीममध्ये आठ जोड्या, आणि नववी मुलगी मी. कोणी आली नाही की तिच्या जागी उभं राहायचं. त्यामुळे आठही जागा पाठ, स्वतःची एकही नाही. बाकी वेळ हॉलच्या कडेला हवेला हात देऊन वॉल्ट्झ. हवा बरी पार्टनर आहे, पाय तुडवत नाही.

९ जाने.
पोळ्या लाटताना एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. तव्यावरची करपली. आईने काळी पोळी उचलून विचारलं, आता ही कोणाला वाढू, तुझ्या हवेला?

१२ जाने.
केतकीचा डावा घोटा मुरगळला, कॉलेजच्या पायऱ्यांवर. सरांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तिच्या पार्टनरसमोर, ओंकारसमोर, जाऊन उभी राहिले. वाईट वाटलं, पण नंतर. आधी आनंद झाला. निदान इथे तरी खोटं नको.

१६ जाने.
ओंकार हवेपेक्षा फारच जड. तळहात घामट. वळणावर सवयीने शेजारच्या जोडीतल्या श्रुतीच्या जागेत घुसले. सर म्हणाले, एका वेळी एकच मुलगी हो.

२१ जाने.
आज जमलं. सोळा जणांचा चौकोन आपोआप उघडला, मिटला. मी कुठे संपते नि शेजारची कुठे सुरू होते, कळेना. घर दुसऱ्या मजल्यावर. मी चौथ्यावर बेल वाजवली. काकूंनी पाणी दिलं, तेही प्याले.

२७ जाने.
केतकी परत. डॉक्टर हो म्हणाले म्हणे. रविवारी स्पर्धा. मी पुन्हा कडेला.

२८ जाने.
सकाळी केतकी मुलुंडला आमच्या गच्चीवर आली. खाडीकडे फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. म्हणाली, मनू, तू ओंकार हो. पाण्याच्या टाक्यांना वळसे घालत, वाळत घातलेल्या साड्यांखालून नाचलो. मी डोळे मिटून. डाव्या पायाची पाळी आली की तिचा सगळा भार माझ्या हातात. बघणाऱ्याला दिसत नाही, धरणाऱ्यालाच कळतं.
"कळतंय का गं?"
"काय?" म्हटलं मी.
थोडा वेळ तशाच फिरलो. मग म्हणाली, "सरांना सांगू नको ना. शेवटचं वर्ष आहे यार."
हो म्हटलं. इतकं छान नाचत होतो की नाही म्हणवेना.

३० जाने.
प्रॅक्टिस. केतकी नि ओंकार एक फेरी नाचले. ओंकारला पत्ता नाही, तो मनात आकडे मोजत असतो. नंतर सर माझ्याजवळ आले. "तुला तिची जागा ठाऊक आहे. पाय कसा वाटतो, तू सांग. उद्या सकाळी."
बोलले तर जागा माझी, मैत्रीण गेली. नाही बोलले आणि ती पडली तर? घोटा कायमचा जायचा. पण ही काळजी घोट्याची की जागेची, हे मलाच सांगता येत नाहीये. राग येतो स्वतःचा.

३१ जाने., रविवार
ड्रेस इस्त्री करून बॅगेत ठेवला. मग काढला. मग ठेवला.
गच्चीवर जाऊन हवेला हात दिला, मन शांत व्हावं म्हणून. एक-दोन-तीन. आज हवा हलकी नव्हती. डाव्या पायावर अडत होती, आणि मी तिला सावरत होते.
सरांचा दोनदा फोन येऊन गेला. खालून आई विचारतेय, निघतेस ना.