बिब्याचा फोड

माघ वद्य षष्ठी, मंगळवार. दोंडाईचे.

वहिनीला स्टेशनावरच अडकवून ठेवलं. मी बोलले म्हणून.

जळगावला प्लेग आहे, म्हणून तिकडून आलेल्या सगळ्यांना फलाटावर उभं केलं. पहिल्या वर्गातल्या साहेबाची नाडी मात्र खिडकीतूनच पाहिली. आम्हां बायकांना कनातीमागे नेऊन चोळ्या सोडायला लावल्या. वहिनीच्या काखेजवळ फोड. माहेरी कापूस वेचून खांदा धरला, म्हणून तिच्या आईने बिब्याचं तेल लावलं होतं, ते उतून आलेला. नर्सने विचारलं, "ताप होता का?" वहिनी नाही म्हणाली. मग मला विचारलं. मी सांगून टाकलं, परवा थोडं अंग तापलं होतं.

"बाई, तुमी कसाले बोलनात? बिबा शे ना तो!" वहिनी माझ्यावर ओरडली.

"बिबा की गाठ, ते दहा दिवसांत कळेल," नर्स म्हणाली. गाठ अशी असते? काळा, पाणी भरलेला फोड. आमच्याकडचं पोरही ओळखेल. वहिनीला खऱ्या रोग्यांशेजारच्या झोपडीत घातलं आणि तिचं पाच महिन्यांचं बाळ माझ्या हातात दिलं. तिथे राहून नसलेला प्लेगही होईल की तिला!

बाळ शेळीच्या दुधाला तोंड लावत नाही. मला घरी अक्षरं आणि खरेपणा शिकवणारे माझे वडील, नाना, म्हणाले, "खरं तेच बोललीस. त्यात चुकलं काय?"

त्यांचाही राग आला. रडतं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि आत निघून आले. नाना मघापासून हाका मारताहेत. जाणार नाही.