मागच्या खोल्यांची लाईन

२४ सप्टें., बुधवार
सोलर सुरू झालं. छतावर बारा पॅनेल, खाली नवा बोर्ड, अंगणात अर्थिंगचा खड्डा. गच्चीला पांढरा रंग मागच्याच महिन्यात दिला होता. दुपारी खरंच फरक जाणवतो. अ. कंपनीतून आला, बूट न काढता बोर्डापाशी उभा राहिला. म्हणाला, "कारेगावात असं घर नाही." लग्नाला चोवीस वर्षं झाली, घराबद्दल एवढं बोललेला पहिल्यांदाच.
मोबाइलवर आलेख दिसतो. सकाळी चढतो, दुपारी सपाट, संध्याकाळी उतरतो. शिरूरला कॉलेजात तासाच्या मध्ये दोनदा उघडून पाहिला.

२७ सप्टें., शनिवार
सकाळपासून पाचदा लाईट गेली. पूर्ण घराची. पुढचीही, मागच्या चार खोल्यांचीही.
नव्या बोर्डात एक स्विच आहे. कुठे करंट गळायला लागला की तो सगळं बंद पाडतो. बबनमामा त्याला ट्रिपर म्हणतात. मामा तीस वर्षं वायरमन, गावातली निम्मी घरं त्यांनीच जोडलेली. भाडेकरूंनी पाण्यात रॉड टाकला की ट्रिपर पडतो. एकाने पाणी तापवायचं आणि पाच घरांनी अंधारात बसायचं.
चाचणीचे पेपर तपासायचे होते. चिडले. मागे जाऊन मोठ्याने बोलले. दोन नंबरच्या खोलीतली रेखा बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, न्हाई टाकत आज. गारच पाण्यानं करतो."
ती आणि तिचा नवरा संतोष, दोघंही रांजणगावला कामाला. तो कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये, ती असेंब्ली लाईनवर.

२९ सप्टें., सोमवार
मामा आले. मागची जुनी वायर कुठेतरी खराब आहे म्हणाले.
"कुठं ते बघायला लागंल. यखाद्या वक्ती भिंत बी फोडावी लागंल."
मी: दिवाळीनंतर बघू. तोवर मागची लाईन ट्रिपरमधून बाहेर काढा.
"डायरेक्ट?"
"हो."
मामा जरा थांबले. मग, "तुमी म्हनताय तर काढतो." वीस मिनिटांत झालं.
त्यांचं ते थांबणं मला कळलं होतं. हे इथे लिहून ठेवते.

२ ऑक्टो., दसरा
मीटरच्या खोलीत नव्या बोर्डाची पूजा. गाड्यांना, अ.च्या टूलकिटला झेंडू. भाडेकरू बायकाही आल्या. रेखाने बोर्डाला हळदकुंकू लावलं, पाया पडली. म्हणाली, "आता आमाला बी काळजी न्हाई."
मी तिला प्रसाद दिला.

१२ ऑक्टो., रविवार
ग्रामपंचायतीने पंधरावीस माणसं घर बघायला पाठवली. पंखे, छत, पॅनेल, सगळं दाखवलं. एक आप्पा म्हणाले, "घराची किंमत दुप्पट झाली की वो तुमच्या." ट्रिपर कसा जीव वाचवतो तेही सांगितलं. बोलताना छान वाटलं. प्रश्न चांगले आले.
मागच्या खोल्यांकडे कोणी गेलं नाही.

११ नोव्हें., मंगळवार
सकाळी सात. मागून ओरडा. रेखा मोरीच्या कट्ट्याशी पडलेली, डोळे फिरलेले, दातखीळ. बादलीत रॉड चालूच. तीन नंबरमधल्या शेवंताबाईंनी बटण बंद केलं, मग कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, मग चप्पल हुंगवली. मी उभी होते. संतोष पहिल्या पाळीला गेलेला.
पाच मिनिटांनी शुद्धीवर आली. उजवं मनगट सुजलेलं, तळव्यावर भाजल्याची रेघ. पाणी तापलं का बघायला बोट घातलं, एवढंच आठवतं म्हणाली.
आणि मी काय बोलले? "किती वेळा सांगितलं, रॉड चालू असताना हात घालू नका."
"चुकलं मॅडम," ती म्हणाली. जमिनीवरून.

११ नोव्हें., दुपारी
शिरूरला दवाखान्यात नेलं. मनगटाला प्लास्टर. दोन बोटांना स्पर्श कळत नाही. डॉक्टर: शॉक असेल, नसेलही, नक्की सांगता येत नाही.
मी काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंच कुठे.

१२ नोव्हें., बुधवार
मामा न बोलावता आले. शिडी लावली, मोरीवरची वायरची पट्टी उघडली, रॉडच्या प्लगकडे जाणारा कुजलेला जोड सापडला. भिंत फोडावी लागली नाही. नवी वायर, मागची लाईन परत ट्रिपरमध्ये. दोन तास.
दोन तासांचं काम होतं.
जाताना हळू आवाजात: "झालं. आता कुनाला काय कळायचं न्हाई." मी त्यांना चहा दिला. थँक्यूसुद्धा म्हटलं बहुतेक.

१६ नोव्हें., रविवार
संतोष बोर्डापाशी आला. मेंटेनन्सवाला, त्याला माहीत. ट्रिपरवर तपासणीचं छोटं बटण असतं, ते दाबलं. खटकन् सगळं बंद. परत चालू केलं, मागे जाऊन तिथूनही टेस्टलॅम्प लावून तपासलं. परत बंद.
"हे तर चालतंय मॅडम."
"हो."
"मंग त्या दिवशी का पडलं न्हाई? शेवंतामावशी म्हनत्यात लाईट चालूच व्हती. पंखा फिरत व्हता."
मी म्हणाले, "मशीन आहे संतोष. एखाद्या वेळी चुकतं."
तो बोर्डाकडे बघत राहिला. "मशीन न्हाई चुकत असं," म्हणाला.
त्या वाक्यानंतर सांगता आलं असतं. जागा होती. मी दार लावून घेतलं.

२२ नोव्हें., शनिवार
संतोषची आई गावाहून आली आहे. अंगणात तिचा आवाज आत स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो.
"करंट लागला आस्ता तर लाईट गेली आस्ती. माझा पोरगा बघून आलाय. ही फिट हाय, फिट. दातखीळ बसली, चप्पल हुंगवल्यावर उठली. करंटवाला मानूस चप्पल हुंगून उठतो व्हय?"
शेवंताबाई: "आता मला काय म्हाईत आत्याबाई, मी आपलं केलं जे सुचलं ते."
"लग्नाच्या आदी दडवलं त्यांनी. दौंडवाल्यांनी फसवलं आमाला."
रेखाचा आवाज ऐकू आला नाही. मी पोळ्या करत राहिले. एक करपली.

२३ नोव्हें., रविवार
संतोषने तिला दौंडला माहेरी पोहोचवलं. मोठी बॅग, म्हणजे चार दिवसांसाठी नाही. तिच्या जागी लाईनवर दुसरी बाई घेतली, हे शेवंताबाईंकडून कळलं.
जाताना ती माझ्या दारात आली. "येते मॅडम." डाव्या हाताने नमस्कार केला. मला वाटलं विचारेल. तिला विचारायला काही माहीतच नाही.
अ.ला सगळं सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं. त्याने नीट ऐकलं. मग: "आता वायर नीट आहे ना?"
"आहे."
"मग आता कशाला."

२६ नोव्हें.
आज आलेख पाहिला नाही. एवढंच.

२८ नोव्हें., शुक्रवार
बारावीच्या वर्गात एक कथा शिकवत होते. पात्र गप्प राहतं ती जागा. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण तो बोलत का नाही? त्याला तर माहीत असतं." मी लेखकाच्या संयमाबद्दल दहा मिनिटं बोलले. मुलगी वहीत लिहून घेत होती.

३० नोव्हें., रविवार
गेले. दोन नंबरच्या खोलीत संतोष आणि त्याची आई. बसले नाही. म्हटलं, रेखाला फिट नाही. शॉकच लागला. मागची लाईन ट्रिपरमध्ये नव्हतीच. मी काढायला सांगितली होती. अपघातानंतर दुसऱ्या दिवशी परत जोडली. म्हणून तुझ्या तपासणीत तो चालला.
पाठ केल्यासारखं एका दमात.
संतोषने आईकडे पाहिलं. मग हसला. वाईट नाही, चांगलं हसला.
"मॅडम, तुमी तिच्यासाठी बोलताय."
"नाही. खरं सांगते."
"मी सोता बटन दाबलं की. आन् तुमी तवा तर म्हनला, मशीन चुकतं."
त्याची आई उठली, सतरंजी टाकली. "बसा बाई. शिकलेलं मानूस, दुसऱ्याचा संसार मोडू नये म्हून आपल्या अंगावर घेतंय. असं कोन करतंय आजकाल?"
मी पुन्हा सांगितलं. प्रत्येक वेळी माझी इज्जत वाढत गेली. मामांना विचारा म्हटलं. संतोष म्हणाला, "विचारतो. पन मॅडम, तुमचं मन लय मोठं हाय."
चहा आला. मी प्यायले.

२ डिसें., मंगळवार
संतोषने मामांना विचारलं. मामांनी नाही म्हणून सांगितलं. कॉलेजहून येताना त्यांच्या घरी गेले. ओट्यावर वायरचं वेटोळं सोडवत बसले होते.
"मामा, खरं का नाही सांगितलं?"
"लायसन हाय माझं. तीस वर्साचं. ते गेलं तर मी काय करू?"
"काढायला मी सांगितलं होतं."
"व्हय, तुमी सांगितलं. पन पक्कड माझ्या हातात व्हती का तुमच्या?" मान वर केली नाही. "तवा मी थांबलो व्हतो जरा. तुमी बगितलं व्हतं का न्हाई?"
"बघितलं होतं."
"मंग," मामा म्हणाले, आणि पुन्हा वेटोळ्याला लागले.
त्यांच्यावर रागवायचा मला हक्क नाही, तरी रागावले. तेही परतताना, रस्त्यावर, एकटीच.

५ डिसें., शुक्रवार
कागदावर लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात "दुरुस्ती लांबणीवर पडली" असं लिहून गेले. फाडला. दुसऱ्यात दीड पान माझ्या मनःस्थितीबद्दल. फाडला. तिसरा सहा ओळींचा: २९ सप्टेंबरला मी मागच्या खोल्यांची लाईन सुरक्षेच्या स्विचमधून काढायला सांगितली. धोका मला माहीत होता. ११ नोव्हेंबरला रेखाला विजेचा धक्का बसला तेव्हा ती तशीच होती. १२ ला परत जोडून घेतली. १६ ला संतोषशी खोटं बोलले. रेखाला फिटचा आजार आहे असं मानायला काही कारण नाही.
मामांचं नाव घातलं नाही. सही, तारीख.
अ.ने वाचला. "हे पोलिसांत गेलं तर?"
"जाऊ दे."
"घर माझंही आहे." हे खरं आहे. कागद पर्समध्ये ठेवला.

७ डिसें., रविवार
शिरूरहून सकाळच्या एस.टी.ने दौंड. स्टेशनच्या मागच्या बाजूला, पत्र्याची दोन खोल्यांची जागा. रेखाच्या आईने "मॅडम आल्या" म्हणून खुर्ची पुसली. आत शिरता शिरता माझी नजर भिंतीवरच्या उघड्या बोर्डाकडे गेली, लोंबणाऱ्या वायरीकडे. सवय. लगेच खाली घातली.
प्लास्टर अजून आहे. बोटं? "करंगळी आली. शेजारची अजून न्हाई."
आई चहाला उठली तेव्हा सांगितलं. सगळं, मामांच्या थांबण्यासकट. रेखा ऐकत होती. मी माफी मागितली. ती प्लास्टरच्या कडेचा धागा ओढत होती. मग विचारलं, "मंजी मला काय बी झालेलं न्हाई?"
"नाही."
"मला वाटाय लागलं व्हतं, आसंल बाई फिट. निजल्यावर येत आसंल. मी आईला सांगितलं, रातीची माझ्यावर ध्यान ठिव."
कागद दिला. तिने डाव्या हाताने धरून उभ्यानेच वाचला. दोनदा.
"ह्यो दावला की न्यायला येत्याल ते."
"हो. मी सांगून पाहिलं, पण विश्वास बसला नाही. लेखी असलं तर बसेल. लागलं तर मी बरोबर येते. पोलिसांत द्यायचा असला तर तिथेही येते."
ती दाराबाहेर बघत होती. रूळांवरून मालगाडी जात होती, संपेना. आई चहा घेऊन आली, कागद कसला म्हणून विचारलं. रेखा म्हणाली, "मॅडमचा हाय." आईला कळलं नाही. मी कप हातात धरला, तोंडाला लावला नाही.
मालगाडी गेल्यावर म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं आट महिने मी ह्यांच्यापुढं रोज सांगायचे, कारखान्यात काय झालं, कोन काय बोललं. समदं ऐकायचे. आन् ह्ये एकच सांगितलं, मला करंट लागला, तर त्ये ऐकलं न्हाई. तुमचा कागद ऐकत्याल."
मी कप खाली ठेवला.
"ठिवते माझ्याकडं. दावायचा का न्हाई, कुनाला दावायचा, मी बघते."
"कधीपर्यंत?" हे मी विचारलं. का विचारलं? मला सुटायचं होतं म्हणून.
तिने माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच तसं. "तुमाला घाई हाय का मॅडम?"
नाही म्हणाले.
कागदाची घडी घातली. एका हाताने नीट बसेना. मी पुढे झाले तर तिने हात मागे घेतला, आणि स्वतःच, मांडीवर ठेवून, कडा जुळवत बसली.