रविवारी मैदानाबाहेर

५ जानेवारी, गुरुवार

योएल्विनचं नाव कापलं. बेसबॉल क्लबच्या परदेशातल्या ऑफिसातून फोन आला, दोन मिनिटांत विषय संपला. त्याच्या वाट्याचे पैसे एका पिचरकडे वळवलेत. "रादामेस, तू तिथला माणूस आहेस, नीट समजावशील." सोळा वर्षांच्या पोरांच्या करारावर सह्या पंधरा तारखेला होतात, तोवर सगळा कारभार तोंडी. म्हणजे क्लबनं काही मोडलंच नाही. पोरं हेरणं माझं काम, आणि शब्दही माझा. तो चौदाचाही नव्हता तेव्हा त्याच्या आईच्या, मिल्केयाच्या अंगणात दिलेला.

दहा दिवस आहेत. आत्ता कळलं तर दुसरा एखादा क्लब अजून घेईल त्याला. उद्याच सांगायचं.

६ जानेवारी

तीन राजांचा सण. त्याच्या धाकट्या बहिणीसाठी बाहुली घेऊन गेलो — मी तिचा पाद्रिनो, बाप्तिस्म्याला मीच तिला धरलं होतं. तेही शब्द दिला त्याच वर्षी. "आता तुम्ही घरचे," असं मिल्केया तेव्हा म्हणाली होती; पोरीचा पाद्रिनो म्हणून तेव्हापासून मला कोंपाद्रे म्हणते.

त्यांच्या गावात, कॉन्सुएलोत शिरेपर्यंत वाक्य जुळवून ठेवलं होतं. अंगणात बोकड बांधलेला. "पंधराला कापायचाय, कोंपाद्रे. पण धाकटीनं त्याचं नाव ठेवलंय, आता झाली का पंचाईत!" हसलो. तिनं तळलेल्या मैद्याच्या पुऱ्या, गरम यानिकेके खाल्ले. वाक्य बोललोच नाही.

निघताना योएल्विन गाडीपाशी आला. "पाद्रिनो, रविवारी मैदानावर दुसऱ्या क्लबचा माणूस येतोय. शॉर्टस्टॉप शोधतायत, माझ्याच जागेवरचा खेळाडू. मी खेळू का? नुसता, मजा म्हणून."

ज्याचा शब्द झालाय तो पोरगा दुसऱ्याच्या नजरेस पडू द्यायचा नाही, हा इथला रिवाज. अडीच वर्षं मी त्याला एकच उत्तर देत आलोय. तेच तोंडून गेलं — "नको. हात जप."

सवयीनं म्हणालो? की मुद्दाम? फाट्यापर्यंत आलो तेव्हा ध्यानात आलं, आपण काय बोललो. तिथून परत फिरता आलं असतं. फिरलो नाही.

७ जानेवारी

गेलो नाही. तब्येत बरी नव्हती असं लिहिणार होतो. बरी होती.

८ जानेवारी, रविवार

मैदानापाशी गेलो, गाडीतच बसून राहिलो. वाटत होतं, माझं न ऐकता आला असेल तो. म्हणजे मी न केलेलं काम त्या पोरानं माझा शब्द मोडून करावं, अशी माझी इच्छा!

आला होता. पण कुंपणाबाहेर — पायात सपाता, बोटं जाळीत अडकवलेली. आत त्याच्याच सोबतचा एक पोरगा शॉर्टस्टॉपच्या जागी उभा होता. चेंडूवर पोचायला अर्धं पाऊल उशीर होतो त्याला. योएल्विनला होत नाही. तरी त्या माणसानं शेवटी त्याच पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

योएल्विननं शिट्टी मारली. "ए लंगड्या, आता पार्टी तुझ्याकडून!"

मग तो रस्त्याकडे वळला आणि मी सीटवर खाली सरकलो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. काचा बंद, इंजिन बंद. घामानं शर्ट भिजेस्तोवर तसाच पडून राहिलो.

९ जानेवारी

चिचोला सांगितलं. तो योएल्विनचा कोच, लहानपणापासून त्यानंच त्याला खेळ शिकवलाय.

"कधी कळलं तुला?"

"गुरुवारी."

त्यानं बोटांवर दिवस मोजले. मग, "काल हा मैदानात उभा असता तर त्यांनी त्या लंगड्याकडे बघितलंसुद्धा नसतं. आता कुणाकडे जाऊ मी? सगळ्या क्लबांचे पैसे कुणाकुणासाठी बोलून झालेत." निघताना पुन्हा थांबला. "मिल्केयाला सांग, फोन आज आला. तुझ्यासाठी नाही म्हणत. त्या बारक्या पोरीला पाद्रिनो राहू दे."

बरं म्हणालो. किती पटकन म्हणालो!

१० जानेवारी

सांगितलं. "काल फोन आला," असंच.

मिल्केया ओले हात झग्याला पुसायचे सोडून गालाला पुसत राहिली. मग म्हणाली, "तुम्हालाही फसवलंच की हो त्यांनी, कोंपाद्रे." आणि माझ्यासाठी कॉफी टाकली. मी प्यायलो.

योएल्विननं क्लबची टोपी काढून खिळ्याला अडकवली. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, दुःखानं.

१५ जानेवारी

फोनवर सकाळपासून सह्यांचे फोटो. लंगड्याचाही आहे, आईच्या गळ्यात पडलेला.

मिल्केयानं जेवायला बोलावलं होतं. गेलो. बोकड जिवंत आहे. तुरीचा भात होता. धाकटी माझ्या मांडीवर बसूनच जेवली.

१७ जानेवारी

दारात गाडी धूत होतो. योएल्विन आला, बॉनेटवरून बोट फिरवलं. "रविवारी मैदानाबाहेर होती तेव्हाही अशीच मळली होती, पाद्रिनो."

मी बादली खाली ठेवली.

"फोन सोमवारी आला नव्हता, हे आईला बोललो नाही मी," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल म्हणून थांबलोय."