समीरला वाढलेली थालीपिठं

गुरुवार, बिन महमूद, दोहा

वर्ल्डकपचं स्टेडियम उभं करता करता घरचा लॅपटॉप राहिला. मेधासाठी नवी डिस्क आणून ठेवली होती. रोज म्हणायचो, "उद्या बसवतो, इन्शाल्ला." आज साइटवरून येऊन बघतो तर समोरच्या फ्लॅटमधल्या समीरनं ती बसवून विंडोजही टाकून दिलेलं! वर थालीपिठं खाऊन गेला. आईनं नाशिकहून पाठवलेल्या भाजणीची! ती भाजणी मेधा माझ्यासाठीसुद्धा जपून वापरते. मी जळतोय का? छे, शेजारीच तर आहे. पण थालीपिठं?

"किती पटकन सुरू होतो बघ," मेधा म्हणाली. खरंच होतो. त्याचाच जास्त राग आला.

"मलाही एक थालीपीठ लाव."

"भाजणी संपली रे." मग हसून म्हणाली, "उद्या लावते, इन्शाल्ला."