वासराचं पोट भरल्यावर

ओतूर,
मंगळवार, दुपार

प्रिय जानकास,

मंगलाचा जय जिनेंद्र, आणि भागुजीभाऊंना, स्वप्नाला, राजरत्नला आमच्या सगळ्यांचा जय भीम. तुझा गुडघा काय म्हणतो? उसाच्या बांधावरून उगाच तुरुतुरु चालू नकोस, आता आपलं वय झालं (तुझं झालं, मी तुझ्याहून लहान आहे. नारायणगावच्या दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर आपली ओळख झाली, तेव्हापासून तू मला लहान समजूनच दटावत आलीस, ते आता निस्तर). हातात फोन असताना मंगलाला पत्राचं खूळ कुठून आलं, असं तुला वाटेल. सांगते, पण शेवटी. आधी गाऱ्हाणं ऐक.

तू दिलेली रंगी सुखरूप आहे. चीक पुरता संपल्यावरच तू गाय-वासरू टेम्पोत चढवलंस, आमच्यात चीक चालत नाही हे तुला कुणी सांगावं लागलं नाही, याचं आमच्या शेठना अजून कौतुक आहे. (माझं त्यांनी शेवटचं कौतुक कधी केलं ते विचारू नकोस.) गाय आली ती पीयूषच्या हट्टाने. पुण्याची नोकरी सोडून पोरगा घरी आला तो डोक्यात दूध घेऊनच. मला आपलं वाटायचं, दूध म्हणजे दूध. फार तर पाणी घातलेलं आणि न घातलेलं. पण नाही! जेवताना त्याने आमची शाळाच घेतली. काळ्या-पांढऱ्या एचएफ गाईचं दूध बादल्या भरून येतं, पण पातळ. जर्सीचं त्याहून कमी, पण सायीचं. गीरचं त्याहून कमी, पण ते ए-टू, म्हणजे त्यातलं एक प्रोटीन म्हणे वेगळं असतं आणि पुण्याच्या लोकांना ते पचतं (पुण्याच्या लोकांना काय पचेल त्याचा नेम नाही). पिशवीतल्याची तर तऱ्हाच न्यारी. डेअरीत गावोगावच्या गाईंचं दूध एकत्र करतात, साय काढून घेतात आणि मग जशी पिशवी तशी परत घालतात. कुणी टोन्ड, कुणी डबल टोन्ड. खोक्यातलं इतकं कडक तापवतात की महिनोन्‌महिने नासत नाही. शेठ म्हणाले, एवढी वर्षं चहा पितोय, मला कुणी हे सांगितलंच नाही.

आणि या सगळ्यांच्या वर पीयूषचं स्वतःचं दूध, अहिंसक दूध. आधी वासराने पोटभर प्यायचं, मग उरलं ते आपण घ्यायचं. काचेच्या बाटल्या आणल्या, त्यांवर सुरेख लेबल छापलं, ‘वासराचं पोट भरल्यावर’. खरं सांगते, ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेठना मात्र दुकानदाराची शंका आली. म्हणाले, पोट भरलं हे ठरवणार कोण?

वासरू ठरवणार, असं ठरलं. आणि बाळ्या (वासराचं नाव आम्ही बाळ्या ठेवलंय) काही केल्या ठरवेचना. पितोय आपला, शेपूट हलवतोय, ढुशा देतोय, परत पितोय. तो बाजूला होईपर्यंत पीयूष चरवी घेऊन ताटकळायचा आणि शेवटी फेस घेऊन घरात यायचा. आळेफाट्यावरून आठ बाटल्या पुण्याच्या गाडीत चढायच्या, त्या दोनवर आल्या. घरच्या चहाला पिशवी सुरू झाली. (टोन्ड.)

मग शेठ मध्ये पडले. भावाभावांत जमीन वाटावी तशी त्यांनी चार सडांची वाटणी केली, दोन वासराचे, दोन पीयूषचे. बाळ्याला वाटणी मंजूर नव्हती. पीयूष उजवीकडे बसला की हा मुसंडी मारून उजवीकडेच. एकदा तर पोराच्या हातातली चरवी उडवून स्वतःच धारेखाली उभा राहिला, शेठसुद्धा हसून हसून खाली बसले. शेवटी मोबाईलवर कुणा तज्ज्ञाचं ऐकून पीयूषने त्याला मागच्या गोदामात बांधला. मोठ्या गोठ्यांत असंच करतात म्हणे. वासरू पहिल्यापासून वेगळं, त्याला पावडरीचं दूध बाटलीने, आणि गाईला मशीन. पण रंगी पडली गीरची. वासरू दिसल्याखेरीज ती पान्हाच सोडत नाही. म्हणून धारेपुरतं त्याला आणायचं, दोन घोट पिऊ द्यायचे, पान्हा सुटला की फरफटत न्यायचं. नेताना तो मागे वळून बघतो गं, बघवत नाही. लेबल मात्र अजून तेच आहे.

आणि एवढं करून दूध वाढलं का? नाव नको! सकाळची धार तर जवळजवळ कोरडी. पीयूषने सरकी पेंड वाढवली, शतावरी चारली, गोठ्यात बासरीची गाणी लावली (गाईचं माहीत नाही, आमच्या शेठना झोप फार छान लागली). डॉक्टर येऊन गेले, गाय ठणठणीत आहे म्हणाले. मग चोराचा संशय आला आणि तो शेजारच्या दादाभाऊंवर गेला. ते बिचारे कळवळून म्हणाले, “आवो शेठ, मी कोरा चहा पिनारा मानूस, मला कशापायी धरता राव!” तेव्हापासून मीच त्यांच्यासमोरून तोंड चुकवून जाते.

पोराचा चेहरा पार उतरलाय. एक मात्र सांगते. पिशवीतलं ओत बाटलीत, कुणाला कळतंय, असं शेठ गमतीत म्हणाले, तर तो भरल्या ताटावरून उठला. त्या दिवशी मला त्याचा इतका अभिमान वाटला आणि पोटात इतकं तुटलं, की मीही जेवले नाही.

आता असं ठरलंय की रविवारी तुला बोलवायचं. गाय तुझ्या हातची, तेव्हा खोट कशात आहे ते तूच बघून सांगायचं. पीयूषचं म्हणणं, सगळा घोळ वासराचा आहे, बाळ्याला परत तुमच्या पारगावला न्या, रंगी एकटी राहू दे. तरीही जमलं नाही तर रंगीही परत आणि एचएफ आणायची. शिवाय दुकानातला कॅमेरा सोमवारी गोठ्यात बसणार आहे. फोन तुला येईलच. जेवायला आमच्याकडेच ये, फक्त दिवस मावळायच्या आत.

तुझी,
मंगला

ता. क. आता पत्राचं कारण. आमच्या घरात तुझा फोन आला की शेठ हौसेने स्पीकर लावतात, आणि हे स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. चोर मीच आहे. पहाटे पीयूष उठायच्या आत मी गोदामाची कडी काढते. बाळ्या सुटतो तो थेट आईला जाऊन लुचतो. पोट टम्म झालं की त्याचं तोंड पदराने पुसते आणि परत नेऊन बांधते. पहिल्या दिवशी त्याचं हंबरणं ऐकवलं नाही म्हणून सोडला, आता तो माझ्या पावलांची वाट बघतो. पोराचा धंदा बुडतोय आणि बुडवणारी त्याची आई, हे कुणाला सांगू? एकीकडे माझं पोर, एकीकडे रंगीचं. लेबलावर लिहिलंय तेच तर करतेय, अशी मी मनाची समजूत घालते.

म्हणून रविवारी एवढंच म्हण, की वासरू नेलं तर ही गाय आटेल. खोटं बोल असं मी सांगणार नाही, आणि ते खोटं नाहीच, तूच मला सांगितलेलंस. आणि जमत असेल तर तुझी दुसरी गाय वासरासकट पीयूषला सांभाळायला दे. दोघींचं उरलेलं मिळून त्याच्या बाटल्या भरतील.

पुन्हा ता. क. एवढ्यानेही तो ऐकला नाही, तर मात्र मला त्या शपथेतून मोकळं कर. दवाखान्यात मी तापाने फणफणलेली, अंगावर दुधाचा थेंब नाही, आणि शेजारच्या खाटेवर तू, एका कुशीत तुझी स्वप्ना, दुसऱ्या कुशीत माझा पीयूष. “घरी सांगू नगंस मंगल, तुझी सासू तुला सुखानं जगू द्यायची न्हाई,” म्हणालीस आणि माझ्याकडून शपथ घेतलीस. सासूबाईंना जाऊनही आता वर्षं झाली. स्वप्नाचं पोट भरल्यावर काय उरतं, हे बघत तू थांबली नव्हतीस, माझंच लेकरू तू आधी घेतलंस. जगातली सगळी दुधं माझ्या पोराला तोंडपाठ आहेत जानका, तेवढं हे एकच त्याला माहीत नाही.