साठ शेंगा

रविवार, दिवेलागणीनंतर

डाव जिंकलो मी आणि जळतोयही मीच. काय म्हणावं याला?

दुपारी साडू अशोकराव आले, पोकर मांडला. आमच्यात पैसे नसतात, भाजलेल्या शेंगा लावायच्या. मधे साठ शेंगांचा ढीग. जिंकायला त्यांना शेवटचं पान बदामाचंच हवं होतं. तरी ते पान बघायला त्यांनी दहा शेंगा टाकल्याच. पान निघालं इस्पिकचं, ढीग माझा. आणि हा माणूस हसतोय!

"गेल्या की हो शेंगा," मी डिवचलं.

"जाऊ द्या की. असा डाव पाचदा आला तर चारदा दहा-दहा जातील, एकदा साठ येतील. उद्या आला तरी टाकीन."

ते हसणं खोटं असावं असं लई वाटलं मला. नव्हतं. मी असतो तर पत्ते भिरकावले असते. मग ते हसणं मला का जमत नाही?

माझी लेक लगेच त्यांच्याजवळ सरकली. "काका, मला शिकवा की."

मी ढीग तिच्यापुढं ढकलला. "जिंकलं कोण, बघ तरी!"

तिनं त्यातल्याच दहा मोजून काकांपुढं ठेवल्या. "काका, टाका पुन्हा."