सहा बाटल्या

७ डिसेंबर १९६३, शनिवार

सहावी बाटली रिकामी झाली तरी गफूरभाईंनी ती नरसाळ्यात उलटी धरून ठेवली, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढली, फडक्याला पुसली, घातली, पुन्हा काढली. खुणेपाशी अंगठ्याचं नख फिरवलं.
"झालं मास्तर. सहा."
मी म्हटलं, पुस्तकात आठ आहे.
"कोन्त्या पुस्तकात?"
"गाडीबरोबर आलेल्या."
"तेरा साल साहेबाची गाडी चालवून राह्यलो, सहाच पेते हे. गाडीनं कुठं वाचलं व्हय तुमचं पुस्तक?" हसले. हात धुतले, नमाजाला गेले.

पुस्तक पुन्हा पाहिलं. आठ पिंट. इंग्रजी कादंबऱ्यांतली माणसं पिंट पितात. पिंट म्हणजे बाटली, असंच मी कॉलेजपासून धरून चाललो आहे. गफूरभाईंना पट्टीवरची खूण दिसत नाही, नखानं चाचपतात. महिनाभर पाहतो आहे. डब्यात तेल बरंच उरलं होतं. दर वेळी उरलेलं ते काय करत असतील, असंही मनात आलं. आलं ते लिहून ठेवतो.

त्याच हिरव्या बाटलीनं आणखी दोन ओतल्या. पट्टी पाहिली. तेल खुणेच्या बरंच वर. म्हटलं, बसेल खाली.

बाबा त्यांच्या दवाखान्यात रोगी तपासत होते. त्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही.

९ डिसेंबर, सोमवार

सकाळी मेहकर रस्त्यावरच्या एका खेड्यातून माणूस आला. बायको पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. बाबा आणि गफूरभाई लगेच निघाले. मी शाळेत गेलो.

पुढचं माझी बायको कुसुम आणि बाबा यांच्याकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. बाईला गाडीत घालून बुलढाण्याला न्यायचं ठरलं. गाडी आमच्या घरावरून गेली तेव्हा कुसुम ओट्यावर होती. मागं निळा धूर, म्हणते, चुलीतून निघावा तसा. चिखली सोडून पाच-सहा मैलांवर चढ लागला. इंजिन ओरडत राहिलं, गाडी पुढं सरकेना. दोन तास रस्त्यावर. मग सरकीचा एक ट्रक आला, बाईला त्यात घातलं.

मूल मेलेलं जन्मलं. बाई वाचली.

बाबा एस.टी.नं परत आले, दिवस मावळताना. मोरीत बराच वेळ हात धूत होते. मी टॉवेल घेऊन उभा. म्हणाले, "बहुधा आधीच गेलं होतं."
बहुधा.

१० डिसेंबर, मंगळवार

गाडी बैल जुंपून आणली. बाजारातून आली तेव्हा लोक हसत होते. गफूरभाई स्टिअरिंगवर बसलेले, समोर बैलांच्या पाठी.

बळीराम मिस्त्री खाली शिरले. मी चार वाजता शाळेतून आलो तेव्हा चाललंच होतं. बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, तेल लय झालं. मागून गळून क्लचवर गेलं. पट्ट्या भिजल्या, त्या काय पकडतीन?"
बाबांनी विचारलं, "गफूर, किती घातलं होतंस?"
"सहा, साहेब. नेहमीसारकं."
"बळीराम, काढ सगळं. मोज."
मिस्त्रींनी मोजलं. त्याच हिरव्या बाटलीनं. साडेसात भरल्या. "गळालं, जळालं थे येगळं," मिस्त्री म्हणाले.

गफूरभाई डब्याकडं बघत होते. मिस्त्री त्यांना म्हणाले, "चाचा, चष्मा लावत जा बे. नाही तं बाटलीसंगं बोलत जा, थे सांगन किती झाल्या." कोणी हसलं नाही.

मी दोन पावलांवर उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर एका वाक्यात झालं असतं. वाक्य तयारही होतं.

११ डिसेंबर, बुधवार

मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या कुळकर्णी सरांना विचारलं, सहज विचारल्यासारखं.
"पिंट? आठ पिंटांचा गॅलन."
"आणि बाटल्या?"
"तेल-रॉकेलवाल्यांच्या ना? सहा बाटल्यांचा गॅलन. सगळ्यांना माहीत आहे. काय, परीक्षेत घालता की काय?"

म्हणजे पुस्तक आणि गफूरभाई एकच सांगत होते.

दुपारी नववीचे निबंध तपासले. विषय मीच दिलेला, 'खरे बोलण्याचे धैर्य'. चाळीस वह्या. सगळ्यांना पास केलं.

१४ डिसेंबर, शनिवार

बाबांनी गफूरभाईंना ओट्यावर बोलावलं. स्वतः उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली. तेरा वर्षांत पहिल्यांदा. ते बसले नाहीत.
"गफूर, आता आराम कर."
"साहेब, मी सहाच—"
"मी काही म्हणत नाही तुला. डोळ्यांचं आहे. वयाचं आहे. पण माझी गाडी म्हणजे दुसऱ्याचा जीव असतो."
गफूरभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग, "हाव साहेब. चुकली असन मोजनी."

किल्ली टेबलावर ठेवली. कांबळं आणि पाण्याचा तांब्या गाडीतून काढून घेतला. फाटकाशी मी होतो. "येतो मास्तर," म्हणाले. नेहमीसारखं.

रागावले असते तर मी बोललो असतो, असं संध्याकाळी वाटलं. हेही खरं नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

गाडी दुरुस्त. नवा ड्रायव्हर मलकापूरचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. गिअर टाकताना खरखर आवाज करतो. बाबा मागं बसून डोळे मिटून घेतात. पूर्वी पुढं बसायचे, गफूरभाईंच्या शेजारी.

कुसुम विहिरीवर पाणी काढत होती. म्हणाली, "रहाट किती करकरतो बघा. उरलेलं तेल गफूरभाई आणून घालायचे ना. आता कोण घालणार?"
मी म्हटलं, मी घालतो.
"तुम्ही जेवत का नाही धड?"
रहाटाला तेल घातलं. हाताला वास राहिला.

२० डिसेंबर, शुक्रवार

शाळा सुटल्यावर गफूरभाईंकडे गेलो. दुपारची नमाज होऊन ते घरी आले असतील, असा अंदाज घेऊन. दारातल्या बाजेवर बसलेले. मी अगदी जवळ गेल्यावर ओळखलं.
"मास्तर? या. साहेब बरे हायत ना?"

मी बसायच्या आधीच ते बोलू लागले.
"मी मोजून राह्यलो, मास्तर. रोज. पह्यली वतली तवा बळीराम सायकलवर गेला, त्यानं हाक मारली. दुसरी, तिसरी. चौथीले तुम्ही आले. सहावीले आपलं पुस्तकाचं बोलनं झालं. सहाच येते. मंग साडेसात काऊन निघाल्या?"

सांगितलं. पुस्तक, पिंट, दोन बाटल्या. चार वाक्यं झाली असतील. पट्टीवर तेल वर दिसलं होतं, तेही सांगितलं.

गफूरभाईंनी बोटांवर पुन्हा मोजलं. मग आत तोंड करून बायकोला, "आयकलं का? सहाच व्हत्या."
आतून भांड्याचा आवाज थांबला.

"साहेबाले सांगतलं?"
"नाही."
"काऊन?"
मी बाजेची सुटलेली दोरी खोचू लागलो.
"लय शिकलेले हा तुम्ही," ते म्हणाले. टोमणा नव्हता. खरंच विचारात पडल्यासारखे म्हणाले.

मग म्हणाले, "कामावर घ्या म्हनून नका सांगू. डोळे खरंच गेले. दिवाईच्या टायमाले रस्त्यात बैल व्हता, मले दिसलाच नाही. साहेब वरडले म्हनून थांबलो. गाडी आता नाही चालवनार मी. पन सहा व्हत्या, येवढं त्याहिले सांगा. तेरा साल बसलो त्याहिच्या बाजूले."
"सांगतो."
"आन् थे लेकरू?"
मी म्हटलं, बाबा म्हणतात बहुधा आधीच गेलं होतं.
"मलेही तेच म्हनले. अकरा दिवस झाले, थे लेकरू घेऊन फिरून राह्यलो मी. रस्त्यावर दोन घंटे थे माउली वरडत व्हती. तुम्ही नव्हते ना तिथं."
"नाही."
"हाव. तुम्ही शाळेत व्हते."

त्यांच्या बायकोनं चहा आणला. कप तिनंच माझ्यापुढं सरकवला. गफूरभाई रस्त्याकडं बघत होते, तिकडून कोणी येत नव्हतं.

घरी आलो. बाबांच्या दवाखान्यात सात-आठ माणसं. मी दारात उभा राहिलो. बाबांनी विचारलं, काय रे? म्हटलं, काही नाही. जेवताना त्यांच्या समोर बसलो. भाकरीबद्दल बोलले, थंडीबद्दल बोलले. पानावरून उठले.

उद्या सकाळी. ते दाढी करतात तेव्हा. तेव्हा कोणी नसतं.

२१ डिसेंबर, शनिवार

सकाळी साडेसहाला सांगितलं. बाबा आरशात बघत ऐकत होते. वस्तरा थांबला नाही. "पट्टी पाहिली होतीस?" एवढंच विचारलं. हो म्हटलं. त्यांनी तोंड पुसलं, कोट घातला. ड्रायव्हर गाडी काढायला निघाला, त्याला नको म्हणाले. गफूरभाईंच्या घराच्या रस्त्यानं पायी गेले.

शाळेत जाताना दवाखान्यावरून गेलो. कुलूप होतं. पायरीवर माणसं बसली होती. शनिवारची सकाळची शाळा सुटून साडेअकराला परतलो तेव्हाही बसलेलीच होती.